अक्षरांच्या जागीं चौकोन

आमच्या काकूंचा जन्म १९४५ च्या जानेवारींतला. एका पौर्णिमेपासून पुढल्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्यांची हजारपट केली म्हणजे ८० वर्षें आणि सुमारें १० महिने होतात. त्या हिशेबानें २०२५ च्या नोव्हेंबरअखेर, मार्गशीर्षांत, त्यांचें सहस्रचंद्रदर्शन आलें. शुद्ध पंचमी धरली. गुरुजींस वर्दी गेली, निरांजनें घासून झालीं, पाहुण्यांच्या निजण्याबसण्याची सोय लागली, आणि सर्व कांहीं मनासारखें झालें असतां चार दिवस आधीं दिवाणखान्यांतल्या टीव्हीवर अक्षरांच्या जागीं चौकोन दिसूं लागले. त्या चौकोनांची ही हकीकत आहे. घरांतील यंत्रांविषयीं लिहिण्याचें हें सदर. आणि घरचा सर्व्हर हें यंत्र आतां चुलीइतकें नसलें तरी मिक्सरइतकें घरगुती झालें आहे. तेव्हां विषयांतर केल्याचा दोष वाचक आम्हांस देणार नाहींत अशी आशा आहे.

आधीं हीं अक्षरें कसलीं तें सांगितलें पाहिजे. काकूंस गेलीं सात-आठ वर्षें ऐकूं येत नाहीं. कानाचें यंत्र आहे. पण त्यांतून आवाज येतो, शब्द येत नाहींत असें त्या म्हणतात. २८ वर्षें त्यांनीं मुलींच्या शाळेंत मराठी शिकविलें. वाचनाची आवड तीच आहे, मात्र मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून अक्षर मोठें आणि ठळक लागतें. आमचे काका २००९ सालीं वारले. त्यांची षष्ट्यब्दिपूर्ति १९९६ सालीं झाली, तेव्हां एका स्नेह्यानें त्या समारंभाची व्हीएचएस कॅसेट भरून ठेवली होती. तिच्या अखेरीस काकांचें ११ मिनिटांचें भाषण आहे.

काका जुन्या वळणाचे. तोंवरच्या ३१ वर्षांच्या संसारांत त्यांनीं चारचौघांत पत्नीस नांवानें हांक मारलेली आम्हीं कधीं ऐकली नव्हती. त्या दिवशीं ते बोलावयास उभे राहिले. समोर गुरुजी आणि वडील मंडळी बसलेली असतां, त्यांना उद्देशून आरंभ करण्याचा शिरस्ता बाजूस ठेवून, त्यांनीं पहिला शब्द उच्चारला तो काकूंचें नांव. मांडवांत क्षणभर कोणाची बांगडीही वाजली नाहीं. आम्ही तेथें होतों. काकूंनीं तें त्या दिवशीं ऐकलें तें ऐकलें. पुढें कॅसेट माळ्यावर गेली, ती लावण्याचें यंत्र मोडलें, आणि जेव्हां ती संगणकांत उतरवून घेण्याची बुद्धि आम्हांस सुचली तेव्हां काकूंचे कान गेलेले होते. म्हणून सूनबाईंनीं चार संध्याकाळ बसून तें भाषण शब्दशः लिहून काढलें, प्रत्येक वाक्य कोणत्या सेकंदास सुरू होतें व कोणत्या सेकंदास संपतें तें मांडलें, आणि सबटायटलांची फाईल तयार केली. सहस्रचंद्रदर्शनाच्या सायंकाळीं काकूंनीं तें भाषण वाचावें असा बेत होता. काकूंस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

एवढेंच होतें तर तें पेनड्राइव्हवर घालून टीव्हीस कां लावलें नाहीं, असें कोणी विचारील. तेंही आम्हीं करून पाहिलें होतें. टीव्ही आपल्या बुद्धीनें जीं अक्षरें काढी तीं बारीक आणि पांढरीं. काकूंस तीं दिसलीं नसतीं. शिवाय काकूंची कन्या टोरोंटोस आणि धाकट्या जाऊबाई नागपुरास. दोघींनाही येणें जमत नव्हतें, आणि दोघींनाही तें त्याच वेळीं पाहावयाचें होतें. म्हणून घरच्या सर्व्हरकडे जावें लागलें. सर्व्हर म्हणजे कांहीं अवाढव्य यंत्र नव्हे. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटांत अगदीं खालच्या फळीवर लाडवांच्या डब्याएवढा एक संगणक आहे. त्यांत घरचीं गाणीं, चित्रपट, लग्नमुंजींच्या चित्रफिती साठवलेल्या आहेत, आणि ज्यास जें हवें तें तो त्याच्या पडद्यावर धाडतो. हें काम करणाऱ्या आज्ञावल्या अनेक आहेत. प्लेक्स आहे, एम्बी आहे. एम्बीचा मूळ मजकूर सर्वांस खुला ठेवण्याचें बंद झालें तेव्हां २०१८ च्या डिसेंबरांत कांहीं स्वयंसेवकांनीं तिची निराळी शाखा काढली ती जेलीफिन. आमच्याकडे असलेली कोणती तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण चूक तिची नव्हती.

चौकोन प्रथम दिसले ते शुक्रवारीं रात्रीं, काकू निजल्यावर. चिरंजीवांनीं रंगीत तालीम म्हणून भाषण लावलें. काका उभे राहिले, ओंठ हलले, आणि खालीं पिवळ्या ठळक रंगाचे तीन चौकोन उमटले. चिरंजीवांनीं पहिला उपाय केला तो सर्वांच्या परिचयाचा: सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच तीन चौकोन. मग त्यांनीं आपला लॅपटॉप आणून तेंच भाषण त्याच सर्व्हरवरून लावलें, तर अक्षरें स्वच्छ, सुरेख, काना-मात्रेसह! लॅपटॉपवर बरोबर आणि टीव्हीवर चौकोन. फाईल एक, सर्व्हर एक, फरक काय तो पडद्याचा. तेव्हां दोष टीव्हीचा, असा निकाल रात्रीं बारा वाजतां लागला, आणि नवा टीव्ही घेण्याची भाषाही झाली. हा निकाल साफ चुकीचा होता. पण तो चुकीचा कसा हें कळण्यास सोमवार उजाडावा लागला.

शनिवारीं सकाळीं सूनबाईंनीं जें केलें त्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. त्यांनीं चौकोन मोजले. काकूंच्या नांवांत तीन अक्षरें आहेत, एकही काना-मात्रा नाहीं. पडद्यावर तीन चौकोन होते. त्यांच्यापुढें स्वल्पविराम होता आणि तो स्वल्पविराम शाबूत दिसत होता! पुढल्या वाक्यांतही तीच गोष्ट. अक्षर आणि त्याची मात्रा मिळून दोन चौकोन, जोडाक्षराचे तीन. पूर्णविराम, उद्गारचिन्ह जागच्या जागीं. यावरून सूनबाईंनीं अनुमान काढलें कीं फाईल धड आहे आणि यंत्रास अक्षरें वाचतांही येत आहेत, फक्त काढतां येत नाहींत.

हें अनुमान पक्कें कां, तें थोडें उलगडतों, कारण मराठी फाईल बिघडली असें म्हणणाऱ्यांस निदानाची ही नाडी ठाऊक असलेली बरी. देवनागरी मजकूर आज बहुतेक ठिकाणीं यूटीएफ-८ या पद्धतीनें साठवतात, आणि तींत आपलें प्रत्येक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट घेते. यंत्रानें ती फाईल जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजून वाचली तर एका अक्षराच्या जागीं तीन तीन चिन्हें दिसतात आणि त्यांतलें पहिलें बहुधा डोक्यावर तिरकी रेघ असलेलें रोमन ए असतें. असला गबाळग्रंथ दिसला तर फाईल शाबूत आहे, वाचणाऱ्याचा चष्मा चुकला आहे. अक्षरांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें दिसलीं तर मात्र वाईट चिन्ह. फाईल कोणीतरी देवनागरी न जाणणाऱ्या पद्धतीनें पुन्हा साठविली, आणि मूळ अक्षरें गेलीं तीं गेलींच. चौकोन दिसले तर अक्षराचा क्रमांक यंत्रास कळला आहे, त्याची आकृति जवळ नाहीं. छापखान्यांतल्या भाषेंत सांगावयाचें तर जुळाऱ्यास हस्तलिखित लागतें आहे, पण त्याच्या पेटींत खिळे नाहींत.

खिळे म्हणतांच निर्णयसागराची आठवण होते. जावजी दादाजींनीं मुंबईंत पाडलेल्या त्या देवनागरी टाइपांची सफाई आमच्या घरांतल्या जुन्या पोथ्यांत आजही दिसते. एका देवनागरी पेटींत किती खिळे लागत! अर्धीं अक्षरें निराळीं, जोडाक्षरें निराळीं, रफार निराळा, उकार निराळे. संगणकाच्या युनिकोडमध्यें हा सर्व पसारा ०९०० पासून पुढें अवघ्या १२८ घरांत बसविला आहे, आणि त्याची मांडणी आपल्याकडील इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ सालच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. यांत जोडाक्षरें ठेवलेलींच नाहींत. क्ष लिहावयाचा तर क, हलन्त आणि ष अशीं तीन घरें सांगावयाचीं. त्यांचें एकजीव अक्षर करण्याचें काम फॉन्ट आणि तो वापरणारी आज्ञावली यांनीं करावयाचें. वेलांटीचीही तीच कथा. ऱ्हस्व वेलांटी लिहितांना अक्षराच्या आधीं येते, पण साठवितांना उच्चाराप्रमाणें अक्षरानंतर येते. ती उचलून पुढें आणून ठेवणारें कोणीतरी लागतें.

हें ठाऊक नसल्यामुळें रविवार फुकट गेला. चिरंजीवांनीं ठरविलें कीं सर्व्हरची कटकटच नको. आपण आपल्या जुन्या संगणकावर आधींच त्या चित्रावर अक्षरें कायमचीं उमटवून ठेवूं, म्हणजे कोणत्याही पडद्यावर तीं दिसतीलच. विचार वावगा नव्हता. त्यांनीं कोठून तरी एक तयार आज्ञा उतरवून घेतली आणि दुपारीं ती चालविली. अक्षरें आलीं खरीं, पण कशीं? ‘स्थिति’ या शब्दांत स, त्याच्या पायाशीं लोंबता हलन्त, मग थ, आणि थची वेलांटी पुढच्या तच्या डोक्यावर. शेवटची वेलांटी तर कोणाच्याच डोक्यावर नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “यापेक्षां चौकोन बरे. हें सासूबाईंपुढें ठेवलें तर त्या लाल पेन्सिल मागतील.”

त्या उसन्या आज्ञेंत अक्षरांच्या जुळणीविषयीं एक शब्द होता, ‘सिंपल’. चित्र उलगडणें, बांधणें, त्यावर लिहिणें हें सारें काम एफएफएमपेग ही आज्ञावली करते. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानें ती २००० सालीं सुरू केली, आणि घरगुती सर्व्हरांचा बराचसा भार तीच वाहते. तिच्या आंत सबटायटलें काढणारा भाग लिबास नांवाचा. त्यास जुळणी साधी करावी कीं पूर्ण करावी, कीं त्याचें त्यानें ठरवावें, हें सांगतां येतें. साधी जुळणी म्हणजे एका क्रमांकास एक आकृति, आली तशी ओळीनें ठेवावयाची. तिचा वेग अधिक, आणि रोमन लिपीचें तीवर भागतें. पूर्ण जुळणीचें काम हार्फबझ नांवाचा भाग करतो. हें नांव फारसी आहे, आणि ‘हर्फ’ म्हणजे अक्षर हें मराठी वाचकास निराळें सांगावयास नको. वेलांटी उचलून मागची पुढें आणणारा, हलन्त गिळून जोडाक्षर बांधणारा, रफार योग्य डोक्यावर चढविणारा तोच. उसनी आज्ञा ज्यानें लिहिली त्याला देवनागरीशीं कर्तव्य नसावें. वेळ वाचावा म्हणून त्यानें साधी जुळणी मागितली आणि आम्हीं ती न वाचतां उतरवून घेतली. तो शब्द काढला असता तर काम तेथेंच झालें असतें. पण चिरंजीव चिडले होते, आणि चिडलेल्या माणसास एक शब्द दिसत नाहीं, सगळें पाडून पुन्हा बांधावेंसें वाटतें. सर्व्हरवरील आज्ञावली समूळ काढून नव्यानें बसविण्याची तयारी त्यांनीं चालविली होती. तसें केलें असतें तर घरच्या शेंकडों चित्रफितींचीं नांवें, साल, कोणी कोठवर पाहिलें याची नोंद, हें सर्व पुन्हा भरावें लागलें असतें. आणि चौकोन मात्र तसेच राहिले असते. आम्हीं त्यांस हात धरून उठविलें आणि जेवावयास वाढलें.

सोमवारीं पहाटें एक लहानशी गोष्ट आमच्या ध्यानांत आली. लॅपटॉपवर भाषण लावलें म्हणजे कपाट शांत असे. टीव्हीवर लावलें म्हणजे खालच्या फळीवरचा पंखा भणभणूं लागे. म्हणजे टीव्हीच्या वेळीं सर्व्हर कांहीं जादा मेहनत करीत होता! सर्व्हर दोन रीतींनीं पाठवणी करतो. पाहणाऱ्याच्या यंत्रास फाईल जशीच्या तशी उमजत असेल तर तो शिधा धाडतो. पलीकडचा आपल्या हातानें रांधून घेतो. उमजत नसेल तर तो येथेंच शिजवून वाढलेलें ताट धाडतो. लॅपटॉपला शिधा जात होता, चित्र वेगळें आणि अक्षरांची फाईल वेगळी, आणि लॅपटॉप स्वतःच्या फॉन्टानें अक्षरें काढीत होता. टीव्हीला ताट जात होतें. म्हणजे ते चौकोन टीव्हीनें काढलेलेच नव्हते. ते सर्व्हरनें चित्रावर उमटवून पाठविलेले होते. सेकंदास २५ याप्रमाणें ११ मिनिटांचीं १६,५०० चित्रें; त्यांतल्या प्रत्येकावर आमचा गरीब सर्व्हर इमानेंइतबारें चौकोन काढीत बसला होता.

मग आधीं चौकोन कां नव्हते? आठवड्यापूर्वीं याच टीव्हीवर अक्षरें नीट दिसलीं होतीं. तीं पांढरीं व बारीक होतीं एवढेंच. तेव्हां फाईल एसआरटी जातीची होती; तींत वेळ आणि शब्द याखेरीज फारसें कांहीं नसतें, आणि तेवढें टीव्हीस समजत होतें. काकूंच्या डोळ्यांसाठीं म्हणून चिरंजीवांनीं ती बदलून एएसएस जातीची केली. या जातींत अक्षराचा रंग, आकार, जाडी, कडा सर्व सांगतां येतें. तें सजविलेलें लिखाण टीव्हीवरील आज्ञावलीस काढतां येईना, म्हणून तिनें सर्व्हरला कळविलें कीं तूंच काढून दे. काकूंस नीट दिसावें यासाठीं केलेल्या खटपटीनेंच काकूंचीं अक्षरें गेलीं होतीं.

आतां लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. काय करावयास गेलों, काय साधलें, काय अडलें हें तो प्रत्येक वेळीं लिहून ठेवतो, आणि शुक्रवारपासून तो जें लिहीत होता तें आमच्यापैकीं एकानेंही वाचलें नव्हतें. टीव्हीवर भाषण लावल्याच्या वेळेची नोंद काढली. लिबासनें स्वच्छ लिहिलें होतें: मागितलेल्या फॉन्टांत ०९१५ ही आकृति नाहीं, दुसरा कोणताही फॉन्ट शोधून पाहिला, त्यांतही नाहीं. खालीं याच मजकुराच्या आणखी ओळी, प्रत्येक नव्या अक्षरास एक. ०९१५ म्हणजे क. भाषणाचें पहिलें अक्षर तेंच. सूनबाईंनीं तो आकडा कागदावर लिहून घेतला, कोष्टकाशीं ताडून पाहिला, आणि कांहीं न बोलतां कागद आमच्यापुढें सरकविला.

उपाय उघड होता: फॉन्ट द्यावयाचा. नोटो नांवाचा फॉन्टांचा एक मोठा संच फुकट मिळतो, त्यांत देवनागरीही आहे. जगांतल्या कोणत्याही लिपीच्या जागीं चौकोन दिसूं नयेत या हेतूनें तो काढला. असल्या चौकोनांस तिकडे टोफू म्हणतात, आणि टोफू नको यावरूनच त्याचें नांव. चिरंजीवांनीं तो उतरवून घेतला, सर्व्हरवर फॉन्टांच्या नेहमींच्या कप्प्यांत ठेवला, यादी काढून पाहिली. मराठीसाठीं फॉन्ट हजर. भाषण लावलें. चौकोन!

येथें दुपारचे तीन वाजले होते. गुरुजींचें साहित्य यावयाचें होतें, पुरण वाटावयाचें होतें, आणि घरांतील दोन कर्तीं माणसें कपाटापुढें पालथीं पडलीं होतीं. शेवटीं उलगडा झाला तो सूनबाईंच्या एका प्रश्नानें. त्या म्हणाल्या, “पण ती आज्ञावली कंटेनरांत आहे ना?” होती. कंटेनर म्हणजे काय तें एका वाक्यांत सांगावयाचें तर सोंवळ्यांतलें स्वयंपाकघर. घर एकच, पण आंतलीं भांडीं आंतलीं, पाणी आंतलें. बाहेरच्या फडताळांत कितीही डबे भरलेले असोत, आंत स्वयंपाक करणारीस त्यांचा उपयोग नाहीं. मुद्दाम जें आंत दिलें असेल तेवढेंच तिचें. एकीचा खरकटा हात दुसरीकडे लागूं नये ही सोय चांगली आहे, आणि म्हणूनच सर्व्हरवर ती इतकी रूढ झाली. पण आम्हीं फॉन्ट ठेवला होता ओसरीवर, आणि आंत बसलेल्या लिबासला त्याचा पत्ताही नव्हता. आमची ती मांडणी बेतांतली, रोमन अक्षरांपुरते फॉन्ट ठेवलेली. जागा वाचावी म्हणून ती आम्हींच तशी निवडली होती. स्वल्पविराम शाबूत राहिले ते त्या रोमन फॉन्टाच्या कृपेनें.

फॉन्ट हातानें उचलून कंटेनरांत टाकतां येतो; पण आज्ञावलीची नवी आवृत्ति आली कीं जुना कंटेनर काढून नवा मांडावा लागतो, आणि हातानें टाकलेलें सर्व जातें. म्हणून बाहेरच्या फॉन्टांचा कप्पाच आंतून दिसेल असें करावयाचें, भिंतींत दोन्हीं बाजूंनीं उघडणारा कोनाडा ठेवावा तसें. आंतून फक्त घेतां यावें, बदलतां येऊं नये, एवढी खबरदारी घ्यावी. कंटेनर त्याप्रमाणें पुन्हा मांडला. यादी यावेळीं आंत शिरून काढली; फॉन्ट दिसला. भाषण लावलें. पंखा भणभणूं लागला. काका उभे राहिले.

अक्षरें आलीं. वेलांट्या आपापल्या जागीं होत्या, जुळणी ठरविणें लिबासकडेच सोंपविलें असल्यामुळें हार्फबझनें आपलें काम केलें होतें. तरी सूनबाईंनीं सोडलें नाहीं. त्यांनीं एक छोटी परीक्षेची फाईल केली आणि तींत ‘दऱ्या’ व ‘दर्या’ शेजारीं शेजारीं लिहिले, ‘तऱ्हा’, ‘ज्ञान’, ‘शुद्ध’ आणि खास काकांसाठीं ‘षष्ट्यब्दि’. मराठीचा तो कोयत्यासारखा अर्धा र कित्येक ठिकाणीं घात करतो. येथें तो नीट निघाला.

मंगळवारीं सकाळीं होमहवन झालें. सायंकाळीं दिव्यांनीं ओवाळणें झालें, आणि पाहुणे दिवाणखान्यांत बसले. टोरोंटोस सकाळचे साडेआठ वाजले होते. काकूंस टीव्हीसमोरच्या खुर्चींत बसविलें. त्यांना वाटलें फोटो काढावयाचा आहे. काका पडद्यावर उभे राहिले तशा त्या थोड्या हंसल्या. मग खालीं तीन अक्षरें उमटलीं आणि स्वल्पविराम. काकूंनीं चष्मा काढला, पदरानें पुसला, पुन्हा लावला. तोंवर वाक्य पुढें गेलें होतें. त्यांनीं चिरंजीवांकडे न पाहतां हातानेंच ‘मागें घे’ अशी खूण केली. त्यांनीं मागें घेतलें. असें तीन वेळां झालें. ११ मिनिटांचें भाषण संपावयास जवळजवळ अर्धा तास लागला, आणि त्या अवधींत सर्व्हरचा पंखा तेवढा ऐकूं येत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं काकूंनीं चिरंजीवांस जवळ बोलाविलें. आम्हांस वाटलें आशीर्वाद देतील. त्या म्हणाल्या, “सगळें छान केलंस रे. पण माझ्या नांवांतला ल हिंदी वळणाचा कां काढलास?”

पुन्हा लावून पाहिलें तर खरेंच तसा होता. मराठी वळणाचा ल आणि श निराळे, आणि कित्येक फॉन्ट दोन्हीं वळणें बाळगून असतात. मजकूर मराठीचा आहे असें त्यांस सांगितलें तरच मराठी वळण बाहेर काढतात. आमच्या फाइलींत भाषा कोठें सांगितलेली नव्हती. ती कशी सांगावयाची याच्या मागें चिरंजीव सध्यां आहेत. काकूंनीं एका पाठकोऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनें एक मोठा ल काढून त्यांना दिला आहे. तो सर्व्हरच्या कपाटावर चिकटवलेला आहे.